गुवाहाटीहून चालणारं मंडळ

चंदिगडच्या आमच्या मराठी मंडळात बत्तीस वर्षं काढली. किस्से इतके साठलेत, की एक विसरायला जावं तर दोन आठवतात. मी चौथी पास. राज्यघटना पेपर वाचून शिकले, उरलेली या मंडळाने शिकवली. माझा जीव एकाच गोष्टीत: रविवारचा मुलांचा मराठी वर्ग. तो मी चालवते.

*

पूर्वी आम्ही कमिटी निवडायचो आणि कमिटी अध्यक्ष निवडायची, पंतप्रधान निवडतात तसा. कमिटीचं मन फिरलं की अध्यक्ष घरी. एका वर्षात चार झाले. एकजण तर पोह्यांत साखर नको म्हणाले, म्हणून गेले! दर नव्या माणसाकडे मी वर्गासाठी हॉल नव्याने मागायचा. तिसऱ्याने विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "तुमच्या आधीही होते, नंतरही असेन." तो पंधरा दिवसांत गेला.

*

विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे देव सर म्हणाले, अमेरिकेसारखं करू. सगळ्या सभासदांनी थेट अध्यक्ष निवडायचा, दोन वर्षं त्याला कुणी हलवायचं नाही. स्थैर्य येतं.

मी विचारलं, माणूस चुकीचा निघाला तर?

"तर तोही स्थिर राहतो."

सगळे हसले आणि ठराव पास झाला.

*

बँकेतले कुलकर्णी निवडून आले. पहिला हुकूम: वर्ग बंद, रविवारी हॉलमध्ये तंबोला. कारण काय, तर "मुलं शेवटी हिंदीतच उत्तर देतात. आमची जुईच बघा." अख्खी कमिटी विरोधात. पण कमिटीला आता फक्त सल्ला द्यायचा अधिकार. आम्ही सल्ला दिला. ते तंबोला खेळले.

*

चार महिन्यांत त्यांची गुवाहाटीला बदली झाली. जुईची सहावी अर्धी झालेली, म्हणून मायलेकी इथेच राहिल्या. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! मुदत बाकी, राजीनामा मागणार कोण? हॉलची किल्ली त्यांच्यासोबत गेली आणि कारभार गुवाहाटीहून व्हॉट्सॲपवर सुरू झाला. देव सरांना गाठलं, तर म्हणाले, "काकू, हे अमेरिकेतही झालेलं नाही."

*

अठ्ठ्याहत्तरीत भांडायचाही कंटाळा येतो. मी सरळ हॉलच्या बंद दाराबाहेर, पायऱ्यांवर वर्ग भरवला. अकरा मुलं आली. जुईलाही आईने पाठवलं. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला असणार, कारण दहा मिनिटांत कुलकर्णींचा व्हिडिओ कॉल.

"काकू, परवानगी कुणाची?"

मी फोन मुलांकडे फिरवला.

जुई उठून पुढे आली. वडिलांकडे नीट बघून मराठीत म्हणाली, "बाबा, नंतर फोन करा. आमचा वर्ग चालू आहे."