दोन्ही आरसे चालू ठेवून

जुने कॉम्प्युटर विकणाऱ्याच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात. एक उरलेले स्क्रू, दुसरे किस्से. स्क्रू मी डब्यात टाकतो. किस्से कुठे टाकणार? म्हणून कोणी चहाला थांबलं की सांगत बसतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं दुकान आहे. शिक्षण दहावीपर्यंत, कॉम्प्युटरचा क्लास एकही नाही. आधीची सतरा वर्षं कापसाच्या दलालीत गेली. तिथे एवढंच शिकलो की माल हातात घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ग्राफिक्स कार्डही मी तसंच पारखतो. आधी वास, मग स्क्रूंची डोकी, मग पंखा बोटाने फिरवून. करपट वास आला की मशीनला लावायचीही गरज नाही.

*

एक गृहस्थ सहा जीबीचं कार्ड विकायला घेऊन आले. दोन पंख्यांचं, आठेक वर्षांचं, त्या काळातलं मधल्या दर्जाचं. म्हणाले, घरचंच आहे, फक्त पिक्चर पाहिले यावर.

मी विचारलं, रोज किती वेळ? तर चोवीस तास. घरी कोण कोण असतं? तर कोणीच नाही, घर बंदच असतं!

मग हळूच कबूल झाले. कार्ड एका जिनिंग मिलच्या ऑफिसात होतं, डिजिटल नाणी काढायला रात्रंदिवस जुंपलेलं. वर मलाच म्हणतात, "पोरगी दाखवताना सगळंच सांगते का कोणी, शेठ?"

वास चांगला होता. घेतलं.

*

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. आपला गेम आणा, एक तास माझ्या मशीनवर चालवा, पटलं तरच कार्ड न्या. या नियमाचं कौतुक करणारा एक जण डबा घेऊनच यायचा. नऊ दिवस रोज एक तास. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी त्याला दाखवायचो, बघा किती चिकित्सक माणूस आहे.

दहाव्या दिवशी तो आलाच नाही. फोन केला, तर म्हणतो, "गेम पूर्ण झाला ना भाऊ. आता कार्ड कशाले पायजे?"

*

त्याच नियमामुळे वानखडे भाऊ अमरावतीहून माझ्याकडे आले. लाल बसचे निवृत्त ड्रायव्हर, सोबत वैनी. अमरावतीच्या दुकानदाराने त्यांना नवं महागडं कार्ड सांगितलं होतं. त्यांना फक्त एक बस चालवायचा गेम खेळायचा होता. कोण्या हौशी माणसाने त्यात अमरावती-अकोला रस्ता बनवला होता, चौपदरी होण्याआधीचा. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, सगळं.

कारण वैनींनीच सांगितलं. ते दुकानाबाहेर चुना मळत होते तेव्हा. तेवीस वर्षं हाच रस्ता चालवला. मग तपासणीत उजवा डोळा कमी निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना डेपोत रजिस्टर लिहायला बसवलं. निवृत्तीपर्यंत तिथेच.

"आदल्या दिवशीची फेरी शेवटची होती, हे यायले माहीतच नोतं," वैनी म्हणाल्या. "एकदा ते फेरी होऊ द्या."

*

ते ज्या बसने आले, तिचा किस्सा वेगळाच. भाऊ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि अकोल्यापर्यंत उजवा पाय दाबत येतात. समोर ट्रक आला, दाबला. बैल आडवा आला, दाबला. त्या दिवशी ड्रायव्हरने मागे वळून विचारलं म्हणे, काका, पाय दुखून राह्यला का?

वैनी सांगत होत्या, "यायची उजवी चप्पलच आधी झिजते. डावी नवीच्या नवी रायते."

*

त्यांना मी तेच जिनिंगवालं कार्ड लावून दिलं. काउंटरला स्टीअरिंग बसवलं. अमरावती डेपोच्या फाटकातून बस निघाली आणि अडखळायला लागली. धड पुढे जाईना, धड थांबेना.

मी लगेच आरसे बंद केले. या गेममध्ये आरसा म्हणजे कार्डाला मागचं चित्रही नव्याने काढायचं काम. जुन्या कार्डाची दमछाक तिथेच होते. बंद करताच बस लोण्यासारखी चालली. मी खुशीत भाऊंकडे पाहिलं.

ते खुर्चीतून उठले होते.

"शेठ, आरशाशिवाय मी डेपोतूनबी गाडी काढली नाई कधी."

मी म्हणालो, भाऊ, मागे कोणी नाही, गेम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने आरसे सुरू केले. मग काय कमी करू? सावल्या? काढा म्हणाले. रस्त्याकडची झाडं?

"काढा. खऱ्या रस्त्याची तरी कुठं ठेवली?"

*

झाडं काढल्यावर बस बडनेऱ्यापर्यंत छान गेली. तिथे परत अडखळली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा बडनेऱ्यालाच अडखळली. कार्ड तापत होतं. भाऊंनी स्टीअरिंग पुसून ठेवलं, वैनींना म्हणाले, चाल, साडेचारची भेटन.

ते गेल्यावर मी कार्ड पूर्ण उघडलं. पंख्याखालच्या पातळ पट्ट्यांमध्ये गच्च कापूस बसला होता. जिनिंगचा. सतरा वर्षं कापूस पारखला, आणि नाकाखालचा दिसला नाही! घरी बायकोला सांगितलं, ती अजून हसते.

चिमट्याने तंतू तंतू काढला, कार्ड थंड राहावं म्हणून नवी पेस्ट लावली, भाऊंना फोन केला.

*

ते सकाळीच आले, मी शटर वर करत होतो तेव्हा. भाऊंनी दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. आधी मी एक तास चालवून पाहिलं होतं.

पडद्यावर अमरावती डेपो आला. दोन्ही आरसे लख्ख. डाव्या आरशात प्रवासी चढताना दिसत होते. दार लागलं. कुठे अडखळणं नाही. मी म्हणालो, निघा भाऊ, रस्ता मोकळा आहे.

भाऊ हलेनात. हात स्टीअरिंगवर, पाय क्लचवर, नजर डाव्या आरशात. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी विचारलं, काही बिघडलं का?

"बेल नाई झाली ना, शेठ."

गेममध्ये कंडक्टरच नव्हता. मी मेनू उघडून बेल शोधायला लागलो. सापडेना.

वैनींनी काउंटरवरचा चहाचा रिकामा स्टीलचा पेला उचलला, कमरेची किल्ली काढली आणि त्यावर दोनदा वाजवली.

आरशातली नजर न काढता भाऊंनी विचारलं, "खाली कोणी राह्यलं तं नाई?"

"मी बसली," वैनी म्हणाल्या. "चाला आता."