कागदावरचा एक माणूस

काचवाल्याची बायको रागीट आहे, असं गल्लीत सगळे म्हणत. त्यातलं निम्मं खरं होतं. रागीट ती होतीच. पण काच कापायची ती, आणि ‘काचवाला’ म्हणवून घ्यायचा तिचा नवरा.

धंदा तिच्या वडिलांचा. लहानपणी बाकी मुली रेघोट्या मारत तेव्हा ही काच कापायची हिरकणी घेऊन टाकाऊ तुकड्यांवर सरळ रेघ मारायला शिकत होती. जावई आला तो फर्निचरच्या दुकानात टेम्पो चालवणारा. उचलणं, वाहणं, बसवणं तो झटकन शिकला. गोड बोलणं तर त्याला शिकवावंच लागलं नाही. कापणं मात्र त्याच्या हाताला कधी आलं नाही. त्याने हिरकणी टेकवली की काच कुठून फुटेल हे काचेलाही ठाऊक नसे. वडील गेले आणि दुकान या दोघांवर आलं, तेव्हा तिने टेप हातात धरली की गिऱ्हाईक विचारायचं, “मालक कुठायत?” दहादा उत्तर देऊन ती कंटाळली. मग ठरूनच गेलं, बोलायचं त्याने आणि कापायचं तिने. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. रक्त-लघवी तपासायची ती मोठी प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, वर्षातलं जवळजवळ निम्मं काम तिथलंच. पत्रात लिहिलं होतं की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने व्यवसाय विम्याचा पुरावा द्यावा, नाहीतर आवारात पाऊल टाकता येणार नाही.

“अकरा वर्षं!” तिची तळपायाची आग मस्तकात गेली. “अकरा वर्षांत एक ओरखडा काढलाय आपण त्यांच्या भिंतीवर?”

“अगं, सगळ्यांकडेच मागतायत. त्या एसीवाल्याच्या हातून यंत्र निसटून कुणाच्यातरी गाडीवर पडलं ना, तेव्हापासून.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“पण उद्या आपल्या हातून झालं तर? काच आहे बाई, कापूस नाही.”

हे तिला पटलं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. ती टेबलाशी गेली आणि कामाला लागली. कापताना तिला हिरकणीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नसे. तो आवाज मध्येच तुटला तर काच गेलीच म्हणून समजा. तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून नवऱ्याने विमा एजंटाला फोन केला, प्रश्नांची उत्तरं दिली, आणि दोन दिवसांत शिक्क्याचा कागद आला. त्याने तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून आल्या-गेल्याला दाखवला.

काम होतं नमुने ठेवायच्या कपाटांच्या काचांचं. कपाटं जुनी, लाकडी. एकही चौकट सरळ नाही, म्हणून प्रत्येक काच तिथेच माप घेऊन कापायला हवी. सकाळी दोघं फाटकाशी पोचली. रखवालदार ओळखीचा, रोज हसून बोलणारा. त्याने कागद वाचला आणि ओशाळला.

“वहिनी, तुम्हाला नाही सोडता येणार. यात कामगार एकच लिहिलाय. यांचंच नाव आहे.”

तिने कागद हिसकावला. संख्या : एक. समोर नवऱ्याचं नाव. तिने ते दोनदा वाचलं.

“एकटा आहे म्हणून सांगितलंत?”

“अगं, त्याने विचारलं, कामगार किती. तू काय कामगार आहेस का? तू घरची.”

हे त्याने अगदी मायेने म्हटलं. तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. दिवाळखोर गिऱ्हाईक, उद्धट साहेब, सगळ्यांना तिने आजवर तोंड दिलं होतं. पण जो माणूस तिने कापलेली काच रोज उचलत होता त्यानेच तिला मोजलं नव्हतं. त्याने आत जाऊन प्रयोगशाळेच्या साहेबांची मनधरणी केली. नियम म्हणजे नियम, असं उत्तर आलं.

“तू जा घरी. मी बघतो कसंतरी,” तो म्हणाला आणि हत्यारांची पिशवी घेऊन आत गेला.

ती घरी गेली नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. कपाटांची खोली तळमजल्यावरच होती, खिडकी उघडी होती. थोड्या वेळाने आतून पहिली काच फुटल्याचा आवाज आला. मग दुसरी. तिसरीला रखवालदाराने जीभ चावली. तिचे हात शिवशिवत होते. उठून आत घुसावं आणि त्याच्या हातातली हिरकणी काढून घ्यावी असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचाही तिला राग येत होता.

चौथ्या काचेनंतर साहेब स्वतः बाहेर आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव कोण, याचा विचार करायला तिला सवड नव्हती.

“वहिनी, या तुम्ही आत. काच धरायला कुणी नाही म्हणून फुटतायत म्हणे.”

“असं म्हणाले ते?”

“हो ना. या लवकर. उद्या नमुने ठेवायचेत. कागदाचं नंतर बघू, आपण काय परके आहोत?”

“सकाळी मी होते,” ती म्हणाली. “आणि आत मला काच लागली तर? तुमच्या कागदावर मी नाहीच. मग रक्त कुणाचं म्हणून लिहाल?”

साहेबांच्या मागून नवरा आला, बोटाला रुमाल गुंडाळलेला.

“चल ना गं. गिऱ्हाईक जाईल हातचं.”

ते तिलाही कळत होतं. हे गिऱ्हाईक गेलं तर निम्मं दुकान रिकामं, आणि या वयात नवं कुठून आणायचं? तरी ती बाकावरून हलली नाही.

“त्या एजंटाला फोन लावा,” ती म्हणाली. “आणि स्पीकरवर ठेवा.”

त्याने लावला. एजंट उत्साही माणूस होता. “वाढवता येईल की नाव! संध्याकाळपर्यंत नवा कागद पाठवतो. वहिनींना मदतनीस म्हणून दाखवू ना?”

साहेब घड्याळ बघत होते. ती नवऱ्याकडे बघत होती.

“सांगा,” ती म्हणाली. “एकवीस वर्षं तुम्हीच बोलताय. आताही तुम्हीच बोला.”

त्याने साहेबांकडे पाहिलं, रखवालदाराकडे पाहिलं. घसा खाकरला.

“मदतनीस नको. कारागीर लिहा. दुकानही तिचंच. मदतनीस म्हणून माझं नाव घाला.”

“अहो, पण परवा तर म्हणालात, सगळं काम मी एकटाच करतो!”

“खोटं बोललो,” तो म्हणाला. “मला काच कापता येत नाही.”