गुड्रुन अम्माचा गोल

गुड्रुन अम्माला गप्प बसवणारा माणूस आमच्या सरोवरकाठी अजून जन्माला यायचाय. ती माझी सख्खी अम्मा नव्हे, पण इथे केस पिकलेली प्रत्येक बाई अम्मा आणि तिचा नवरा आफी, म्हणजे आजी आणि आजोबा. तिच्या शेजारी माझी निम्मी हयात गेली. मी साठी ओलांडली तरी मला ती ‘पोरी’ अशीच हाक मारते, आणि मीही निमूट ‘ओ’ देते.

विनिपेग सरोवरावर जाळी टाकणाऱ्याची ही मुलगी. भावांचे मोठे स्केट पुढे बोळे कोंबून घालायची आणि गोठलेल्या सरोवरावर त्यांच्याशीच हॉकी खेळायची. पुढे मासे साफ करायच्या शेडमध्ये तिने आयुष्यभर सुरी चालवली. माशाचा काटा तिच्या हातून कधी निसटला नाही, आणि नवऱ्याची चूकही नाही.

नवरा म्हणजे वाल्डी आफी. त्यांचं लग्नच मुळी एका गोलातून जमलं. हिवाळी जत्रेत गावातल्या बायकांनी पुरुषांना सामना खेळायचं आव्हान दिलं होतं. पुरुषांच्या गोलाचं जाळं राखायला उभा होता वाल्डी, आणि त्याला चुकवून आत जाईल असा पक तोवर कुणी मारला नव्हता. गुड्रुनने लांबूनच काठी फिरवली, आणि काळ्या रबराची ती जाड चकती सरळ जाळ्यात. सामन्यातला तेवढाच गोल. वर्षाच्या आत दोघं चर्चमध्ये उभी राहिली.

तेव्हापासून आफी सगळ्यांना एकच सांगत आला. ‘‘मुद्दाम सोडला मी तो. पोरगी डोळ्यात भरली होती.’’

‘‘सोडतोय कसला,’’ अम्मा म्हणायची. ‘‘तोंड उघडं टाकून बघत राहिला होता.’’

लग्नं, बारशी, मयताची कॉफी, हा वाद कुठेही निघायचा. आम्ही शेजारी त्यात कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. जिकडे केक जास्त मिळेल तिकडे.

आफीने गाडी घेतली तेव्हा त्याला खोडी सुचली. गियरच्या दांड्याची मूळ मूठ काढून त्याने खिळ्यांच्या बरणीत टाकली, अम्माने जपून ठेवलेल्या त्या पकला भोक पाडलं आणि तोच दांड्यावर फिरवून बसवला. ‘‘आता तुझा गोल कायम माझ्या मुठीत,’’ म्हणाला. अम्मा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. गावाला तो आठवडा फार सुनासुना गेला.

तीच गाडी आता विकायची होती. आफीची नजर अधू झाली होती आणि अम्मा गाडी चालवायला कधी शिकलीच नव्हती. जुन्या गाड्या जमवणारा लेलंड नावाचा शहरातला माणूस फेब्रुवारीत ट्रेलर घेऊन आला. भला माणूस, फक्त जरा घाईचा. बरणीतली मूळ मूठ पाहून तो खूश झाला.

‘‘गाडी तुझी,’’ अम्माने त्याला बजावलं, ‘‘पण पक माझा. तो अख्खा माझ्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही.’’

‘‘अहो, मिनिटाचं काम,’’ लेलंड म्हणाला.

त्याने पक पिळला. मग दोन्ही हातांनी पिळला. मग कोट काढून पिळला. दांडा करकरला, पक मात्र तसूभर हलला नाही. अम्माने उकळत्या पाण्यात टॉवेल बुडवून पकला गुंडाळला. मी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि गरम वारा देत बसले. गॅरेज आधीच हीटरने तापलेलं, त्यात आमची ही वाफ. कडेला स्टुलावर आफी, दातात साखरेचा खडा धरून त्यातून कॉफी ओढत बसलेला.

‘‘आफी, बसवला होतास कसा रे हा?’’ मी विचारलं.

‘‘हाताने,’’ तो म्हणाला.

थोड्या वेळाने पक इंचभर फिरला आणि खालून काळा चीक बाहेर आला. लेलंडने हात सोडला तसा पक परत मागे आला. अम्माने तो चीक बोटावर घेतला, हुंगला, आणि नवऱ्याकडे वळली.

‘‘पट्टी गुंडाळलीस तू आत?’’

‘‘खडखडत होता.’’

हॉकीच्या काठीला गुंडाळायची ती चिकट कापडी पट्टी. आमच्याकडे फावड्याचा दांडा सैल झाला, किटलीचा कान निघाला, चष्म्याची काडी मोडली, की आधी तीच गुंडाळतात. आणि आम्ही शहाण्या बायका सकाळपासून तिचा डिंक वितळवत होतो. जितकं तापवावं तितका तो जास्तच धरत होता.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. लेलंडला वादळाआधी शहर गाठायचं होतं. त्याने हत्यारांतून करवत काढली. ‘‘कडेने आरपार एक चीर दिली की निघेल. नंतर तुम्ही चिकटवून घ्या.’’ करवतीचे दात त्याने पकवर टेकवले.

‘‘थांब,’’ अम्मा म्हणाली. मला वाटलं, आता ह्याची धडगत नाही. पण तिचा आवाज एकदम खाली आला. ‘‘कापू नकोस. जाऊ दे तुझ्याबरोबर. कुठे का असेना, अख्खा राहू दे.’’

अम्माने माघार घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. आफीनेही ती कधी पाहिली नसावी, कारण त्याने कप खाली ठेवला आणि भिंतीचा आधार घेत उठला.

‘‘गुड्रुन, खेळायच्या आधी आपण पक कुठे ठेवायचो?’’

‘‘बाहेर बर्फात.’’

‘‘का?’’

‘‘गरम पक उसळतो, ताब्यात राहत नाही. हे आता मला शिकवतोस?’’

‘‘मग सकाळपासून त्याला शेक कसला देताय? गाडी बाहेर काढा.’’

आम्ही तिघांनी गाडी ढकलत अंगणात नेली आणि तिची दारं सताड उघडी टाकली. बाहेर नाकातला श्वास गोठत होता. आत जाऊन आम्ही अम्माची विनारतेर्ता खाल्ली, आलुबुखाऱ्याच्या सारणाचे थर लावलेला तो केक. लेलंड पहिला तुकडा घड्याळाकडे बघत खात होता. तिसऱ्या तुकड्याला त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

मग आफीने जाळी ओढायचे जुने चामडी हातमोजे चढवले आणि गाडीत बसला. पकला तळहाताने बाजूने एक दणका दिला. आत कट्‌ असं वाजलं. डिंक थंडीने ठिसूळ होऊन फुटला होता. पुढे पक बरणीच्या झाकणासारखा फिरत वर आला. एक टवकाही उडाला नाही.

‘‘तुला सकाळपासून ठाऊक होतं,’’ अम्मा म्हणाली.

‘‘होतं.’’

‘‘मग मेल्या, बोलला का नाहीस?’’

‘‘पक निघाला की गाडी जाणार. गाडी गेली की मी स्टुलावर.’’ त्याने गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला. अम्माने घाई केली नाही.

लेलंड गाडी घेऊन गेला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मधे टेबलावर पक. आफी त्याच्या भोकात बोट घालून फिरवत होता.

‘‘गुड्रुन, मी तो सोडला नव्हता.’’

अम्मा कॉफी ओतता ओतता थांबली.

‘‘तेव्हा डोळे ससाण्याचे होते माझे. तरी दिसलाच नाही. जाळं हललं तेव्हा कळलं.’’

मी तयारीतच होते. आता ही फोन उचलून अख्ख्या गावाला सांगणार, पुढच्या जत्रेत भोंग्यावरून जाहीर करणार, अशी माझी खात्री होती. अम्माने किटली खाली ठेवली. साखरेचा एक खडा निवडून त्याच्या बशीत ठेवला, आणि त्याच्या हाताला लागेल अशी बशी सरकवली.

‘‘थोडासा सोडलाही असशील,’’ ती म्हणाली.