कौशल्याबाईंच्या गोणीतले बाहुले

विजयश्री दहा वर्षांची असताना तिचं घर भोसरीत होतं, कारखान्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत. वडील लातूरकडून कंपनीत कामाला आलेले. त्या ओळीतल्या बायकांना घरबसल्या एक काम मिळे. साहेबराव म्हणून भोसरीतल्याच एका माणसाची शेड होती, तिथं प्लास्टिकचे बाहुले निघायचे. मारधाडीच्या सिनेमातले वीर आणि राक्षस. कुणी मुखवट्याचा, कुणी चिलखताचा, कुणाच्या पाठीला पंख. त्यांचे डोळे रंगवायला बायकांकडे यायचे. बारीक ब्रशनं दोन पांढरे ठिपके द्यायचे, ते वाळले की त्यात दोन काळे.

हे काम आणायच्या शेजारच्या कौशल्याबाई. शेडवरून गोणी मोजून आणायची, चार घरी वाटायची, आठवड्यानं मोजून परत करायची. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजणीत त्या कधी चुकल्या नव्हत्या. विजयश्रीची आई गोजाबाई त्यांच्याकडूनच काम घ्यायची. दोघी एकाच भागातल्या, त्यामुळे एकमेकींच्या घरी भाजीची वाटी रोज जायची.

बाहुले अकरा प्रकारचे होते. समोरच्या खोलीत टीव्ही होता; तिथं दारात उभं राहून विजयश्रीनं तसले सिनेमे पाहिले होते. तिला अकराच्या अकरा हवे होते. कौशल्याबाईंच्या दारात मोजून वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या रांगांतून ती एक उचलायची आणि फ्रॉकच्या खिशात टाकायची. आठवड्याला एक. आईच्या कागदावरचा तिनं कधी घेतला नाही. तिथून गेला तर मार आपल्यालाच बसणार, एवढं तिला कळत होतं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं ते ठेवले, धान्याच्या पिंपामागे. दुपारी आई पाण्याला गेली की सगळे बाहेर काढायचे, मोरीच्या कठड्यावर उभे करायचे, लढाया लावायच्या. इतकं सुख तिला पुढं कशातच मिळालं नाही, असं ती आजही म्हणेल.

दहावा बाहुला डब्यात गेला त्या आठवड्यात साहेबराव स्वतः आले. सगळ्या ओळीसमोर म्हणाले, "बाई, दर खेपेला एक कमी कसा येतो? इकता का काय बाहेर?"

"मी मोजूनच देते, साहेबराव. लेकराची शपथ."

"मंग माझी माणसं चुकत्यात व्हय?"

कौशल्याबाईंनी तिथंच गोणी ओतली आणि मोजायला बसल्या. एक कमी. पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक आकड्यावर थांबत मोजलं. विजयश्री आईच्या पदराआड उभी होती.

पुढच्या आठवड्यापासून गोणी गोजाबाईकडे आली. भीतीनं विजयश्रीनं चोरी बंद केली होती, त्यामुळे मोजणी बरोबर भरायला लागली आणि कौशल्याबाईच चोर ठरल्या. भाजीची वाटी थांबली. दोन महिन्यांनी त्या मुलाला घेऊन चऱ्होलीला निघून गेल्या.

आज विजयश्री सदतिशीची आहे. चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर सुपरवायझर आहे. टेबलावर सुटे भाग मोजले जाताना तिच्या कानात मागून कुणीतरी मोजत असतं, हळू, चुकू नये म्हणून प्रत्येक आकड्यावर थांबत. तो आवाज कुणाचा, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात एका ट्रेमधले सहा भाग कमी भरले आणि कंत्राटावरच्या एका बाईची पिशवी सगळ्यांदेखत उलटी केली गेली. विजयश्रीनं लाइन थांबवली. भाग मशिनीखाली सापडले. ती बाई मात्र डबा, चप्पल, औषधं पिशवीत परत भरताना सारखी म्हणत होती, "माझंच काही चुकलं का?"

त्या रविवारी विजयश्रीनं माळ्यावरचा बाहुल्यांचा डबा काढला आणि ती पत्ता विचारत चऱ्होलीला गेली.

नव्या इमारतींच्या मागं कौशल्याबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. दार त्यांची सून दिपालीनं उघडलं. कौशल्याबाई ओट्याशी बसून पोळ्या मोजत होत्या. मोजून डबा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा मोजल्या.

"आमच्या आईंचं असंच असतं," दिपाली हसून म्हणाली. "कपडे म्हणू नका, चमचे म्हणू नका. दोनदा मोजल्याबिगर विश्वासच नाही."

विजयश्रीनं बिस्किटांचा डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. दहा बाहुले, डोळे अजून टवटवीत. आपण गोजाबाईची विजू, हे सांगितलं आणि मग सगळं सांगून टाकलं. दिपालीचं हसू मावळलं.

कौशल्याबाईंनी डब्यातले बाहुले एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्याच डोक्यात बिघाड झालाय."

"काकू, मी दहा वर्षांची होते."

"व्हय. पण नंतर वीस वर्षांची झालीस, तिशीची झालीस. तवा कुठं होतीस?"

कौशल्याबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"तुझ्या आईला माहीत होतं का गं?"

"नाही काकू. आईला कधीच कळलं नाही."

कौशल्याबाईंनी मान हलवली. "डबा घेऊन जा. माझ्या घरात नको."

घरी आल्यावर गोजाबाईंनी तिच्या हातात डबा पाहिला आणि कुठं गेली होतीस, हे विचारलं नाही. तेव्हा विजयश्रीला आठवलं: भोसरीची खोली सोडताना सामान आईनंच बांधलं होतं. नव्या घरी हा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला निघाला होता, गाठ मारून.

"आई, तुला कधी कळलं?"

गोजाबाई लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही. "साहेबराव आले त्याच्या आदल्या दिवशी. पिंपामागं झाडताना."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगणार होते. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिले. तेवढ्यात गोणी आपल्या दारात आली." मग दुसरी पाकळी घेत, "तिला सांगितलंस का, मला माहीत होतं म्हणून?"

"नाही."

"नको सांगू."

चार दिवसांनी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत विजयश्रीचा फोन वाजला. दिपाली होती; निघताना तिनं नंबर घेतला होता. "ताई, आईंना बोलायचंय."

कौशल्याबाईंचा आवाज त्या दिवसापेक्षा मोकळा होता. "विजू, तुझ्यावर राग हाय, तो राहणार. पण गोजावर मी इतकी वर्षं उगाच राग धरला. मला वाटायचं, कामासाठी तिनंच केलं. एकदा घेऊन ये तिला. मरायच्या आधी माफी मागायची हाय मला तिची."

भोवती डबे उघडत होते, कुणीतरी लोणच्याची फोड पुढं केली.

"आणतेस ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"आणते, काकू," विजयश्री म्हणाली.