दोन ओक

ब्रिस्टलला आमच्या ऑफिसमागे एक बाग होती. २००६ च्या हिवाळ्यात मी रोज तिथे डबा खायचो आणि एका ओकच्या झाडावर जळायचो. त्याचं मूळ गाव पाटीवर लिहिलं होतं : आशियातले डोंगर. झाड पानगळीचं, पण जानेवारीतही वाळकी पानं घट्ट धरून उभं.

एक म्हातारा माळी रोज त्याच्याकडे यायचा. आधी हातमोजा काढायचा, मग उघडा तळवा खोडावर ठेवून जरा थांबायचा, पोराचा ताप बघावा तसा. बाकीच्या झाडांना तो हातमोजा घालूनच हात लावायचा. मी तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीची वाट बघत होतो. माझ्या कपाळाला कोणी हात लावला नव्हता.

एकदा न राहवून मी विचारलं, "हे झाड परदेशी ना?"

"छे! आमचंच," तो म्हणाला. "मी कामाला लागलो त्याच्याआधीपासून इथे आहे. तुमचं नाव काय?"

"ओक."

"झाडाचं नाही हो, तुमचं."

"माझंच. आमच्या पुण्यात हे आडनाव असतं."

तो खो खो हसला. मग हातमोजा चढवून त्याने हात पुढे केला आणि अगदी मायेने विचारलं, "मग मिस्टर ओक, परत कधी जाणार?"

ओकांच्या घराण्यात भाऊबंदकी काही नवी नाही. पण झाडाशी अबोला धरणारा ओक मीच पहिला.