चुना न लावलेली भिंत

माथेरानच्या बाजारात आमचे घर होते. पुढे पडवी, तिथे वडील शिवणकाम करीत. आत एक मोठी खोली, तिच्यातच चूल. मागे एक लहान खोली. भिंती कुडाच्या होत्या: कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती थापायची. कारवी डोंगरावर हवी तितकी मिळे. दगड घडवणारा मात्र खालून आणावा लागे, आणि तो आम्हाला परवडणारा नव्हता.

आईचा हात असा होता की ती माती वाळली म्हणजे कूड ओळखू येत नसे. ती माती चाळून घेई, तिच्यात भाताचा कोंडा मळी आणि तीन थर देई. वर चुन्याचे दोन हात. हवा खायला आलेले लोक पडवीत कपडे टाकायला येत तेव्हा भिंतीवर हात फिरवून पाहत. त्यांना ती दगडाची वाटे.

म्युनिसिपल कमिटीच्या कारकुनालाही तशीच वाटली. घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल यावर घरपट्टी ठरे. फेरआकारणीसाठी तो रस्त्याने फिरत आला, उंबऱ्याबाहेरून पाहिले आणि लिहिले: भिंती पक्क्या, मागील खोली भाड्याने देण्याजोगी. त्या दोन नोंदींनी आमची पट्टी जवळजवळ दुप्पट झाली.

मागच्या खोलीत माझी थोरली बहीण राहत असे. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती परत आली होती. वडिलांनी कापलेल्या कपड्यांना काजे करणे, गुंड्या लावणे ही कामे तिची. खालापूरकडे आमचे मामा होते. त्यांच्याकडे चार म्हशी आणि एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, आणि ते दर भेटीत म्हणत, "पोरीला आमच्याकडं धाडा." वडील विषय बदलत. पट्टीचा कागद आला त्या दिवशी त्यांनी विषय बदलला नाही. ते म्हणाले, "हे असंच ऱ्हायलं तर खोली भाड्यानं द्यावी लागंल." त्याचा अर्थ घरात सर्वांना कळला.

मी तेव्हा मुंबईत एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपाशी आणि अधूनमधून बातम्या लिही. सुटीत घरी आलो असताना हरकतीचा अर्ज मी लिहिला. भिंती कारवीच्या आहेत. त्यांना भेगा असून पश्चिमेच्या अंगाची माती ढासळलेली आहे. मागील खोलीत घरचेच माणूस राहते. बंगले पावसाचे चार महिने बंद असल्याने त्या काळात उत्पन्न नाही. एकही विशेषण नव्हते. पाठवण्यापूर्वी तो मी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. वडिलांनी मान डोलावली. मला त्याचा अभिमान वाटला.

उत्तर पाऊस सरता सरता आले. दसऱ्याच्या आधी अमुक दिवशी अधिकारी स्वतः येऊन घर पाहतील. वडिलांनी घरात एवढेच सांगितले की तोवर भिंतीला हात लावायचा नाही. पावसाने त्या वर्षी चुना पार धुऊन नेला होता आणि पश्चिमेकडे तीन ठिकाणी काठ्या उघड्या पडल्या होत्या. पुरावा तयारच होता.

आमच्या आळीची एक रीत इथे सांगितली पाहिजे. नवरात्राच्या सुमारास प्रत्येक घर लिंपून पांढरे होई. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल ते घर तेवढे तसेच ठेवत. त्यामुळे दसऱ्याच्या आधी नुसते रस्त्याने चालत गेले तरी कोणाकडे मरण झाले ते समजे. विचारायची गरज पडत नसे. तरी लोक विचारत.

त्या वर्षी आळीत आमचे एकच घर उघडे होते. ते किती जणांनी विचारले याची मला मुंबईत कल्पना नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी गाडीने नेरळला उतरलो. वडील कापड घ्यायला सकाळीच खाली आले होते. गाठोडे दोघांत वाटून घेऊन आम्ही घाट चढलो आणि दिवस मावळताना घरी पोहोचलो. घर पांढरे होते. चुना अजून ओला होता आणि दारावर आंब्याचे तोरण होते.

वडील रस्त्यातच थांबले. "ह्ये काय केलंस गं?"

"उंद्या सायेब येनार," आई म्हणाली. "सरकारचा मानूस पयल्यांदा दारात येनार. त्येला काय भिंतीच्या बरगड्या दावू?"

"त्याच दावायच्या व्हत्या."

"तुमाला काय जातंय बोलायला. पानी भरायला जाते मी. कासारीन इचारते, कोन गेलं गं तुमच्यातलं? वान्याची सून इचारते. सकाळी तर ती न्हाव्याची म्हातारी गळाच काढाया लागली, मला धरून. तुमी हाव, पोर हाय, पोरगा हाय. मी कोन गेलं म्हनून सांगू?"

वडिलांनी गाठोडे पडवीत टाकले आणि त्यावरच बसले.

बहीण मागच्या खोलीत हातांना खोबरेल लावत होती. चुन्याने बोटे सोलली होती. मी विचारले, "आक्का, तू तरी अडवायचंस. तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक व्हतं की. चुना मीच कालवला. आईला वाकवत नाय आता."

"मग?"

"तू अर्ज वाचलास तवा आईचं तोंड बघितलंस का रं? भेगा हायेत, माती ढासळलीय... ती भिंत तिनं घातलीय. बातमी लिवलीस आमच्या घराची." ती हसली आणि हात पुसून कंदील लावायला गेली.

मी आईच्या तोंडाकडे पाहिले नव्हते. मी कागदाकडे पाहत होतो.

अधिकारी सकाळी आले. देशावरचे, उतारवयाचे गृहस्थ होते. बरोबर कारकून आणि एक शिपाई. त्यांनी रस्त्यात उभे राहून अर्ज वाचला, मग भिंतीकडे पाहिले, मग पुन्हा अर्जाकडे.

"हा कोणी लिहिला?"

"मी."

"काय करता?"

"मुंबईला वर्तमानपत्रात असतो."

"तरीच," ते म्हणाले. कारकून हसला.

पण माणूस न्यायी होता. त्यांनी छडीने भिंत ठोकली, दुसरीकडे ठोकली, कान देऊन ऐकले. "आवाज कुडाचा वाटतो," ते म्हणाले. "पण नोंद पक्की म्हणून झालेली आहे, आणि मला वाटतं म्हणून ती खोडता येत नाही. वीतभर उकरून दाखवा. काठी दिसली की इथंच लिहून देतो."

मी आतून कोयता आणला. पश्चिमेकडे कुठे माती पातळ आहे ते मला माहीत होते. कोयत्याचे टोक मी भिंतीला टेकवले. चुना गार होता. त्याच वेळी आई पानसुपारीचे तबक घेऊन दारात आली. ठेवणीतले लुगडे नेसली होती. तबक धरून उभी राहिली आणि कोयत्याकडे पाहत राहिली. तिच्या मागे बहीण होती.

"नको रं," वडील म्हणाले.

"वीतभरच, आबा."

"नको म्हनलं ना. ऱ्हाऊ द्या, सायेब. पक्कीच हाय ती."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. "नीट विचार करून सांगा."

"पक्कीच हाय."

मी कोयता खाली ठेवला. वडिलांना डावलून मी दोन घाव घातले असते तर त्या दिवशी आमचा अर्ज मंजूर झाला असता. हे मी तेव्हाही जाणत होतो. अधिकाऱ्यांनी नोंद कायम केली, सुपारी तोंडात टाकली आणि जाताना म्हणाले, "बाई, घर फार छान ठेवलंय." आई दिवसभर आनंदात होती. तिला तसे आनंदात मी नंतर पाहिले नाही.

दिवाळी होताच मामा आले आणि बहिणीला घेऊन गेले. तिने दोन लुगडी घेतली, सुईचे डबडे घेतले. कात्री वडिलांसाठी ठेवली. आई घाटाच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर गेली. मागच्या खोलीत एका बंगल्यावरचा स्वयंपाकी भाड्याने आला. त्याच्या भाड्यातून पट्टी भागत असे.

आईने पुढची दोन वर्षे भिंत लिंपली, पण तीन थर कधी दिले नाहीत, एकावर भागवले. चुना उत्तम बसला की ती म्हणे, "पोर गेली ह्येच्यापायी," आणि हात धुऊन टाकी. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात तिला ताप आला. मला निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत ती गेली होती.

त्या दसऱ्याला आमच्या घराला चुना लागला नाही. लागायचा नव्हताच. कार्तिकात नवा कारकून फेरआकारणीला आला. त्याने रस्त्यातूनच पाहिले आणि लिहिले: भिंती कुडाच्या, मोडकळीस आलेल्या. कोणी अर्ज केला नव्हता. आम्ही मागितली होती त्याहूनही पट्टी कमी झाली. वडिलांनी तो कागद मला मुंबईला पाठवला. सोबत एक ओळही नव्हती.

स्वयंपाक्याला खोली सोडायला सांगितली. आईच्या दिवसांसाठी आलेली बहीण परत खालापूरला गेली नाही. मामांनी दोनदा माणूस पाठवला. मग त्यांनी तो नाद सोडला.

वर्ष सरले. पुढच्या नवरात्रात मी घरी होतो. बहिणीने खालून कळीचा चुना मागवून मडक्यात भिजत घातला होता, माती चाळून ठेवली होती. वडील मडक्याशी उभे राहिले.

"कशाला?" ते म्हणाले.

"वरीस झालं की, आबा."

"कारकून दरसाल येतो."

बहिणीने चाळलेली माती परसात नेऊन टाकली. चुना मडक्यातच सुकला आणि दिवाळीपर्यंत खडकासारखा झाला. मडके फोडूनच तो काढावा लागला.

आता वडीलही नाहीत. पट्टी तीच आहे आणि बहीण मागच्या खोलीत राहते. काठ्या अधिक ढिल्या झाल्या की ती आतून माती थापते, बाहेरून नाही. जुने लोक आता विचारत नाहीत. पण बाजारात दरवर्षी कोणी ना कोणी नवे येते. दसऱ्याच्या आधी ते रस्त्याने जाताना थांबते, भिंतीकडे पाहते आणि आवाज खाली आणून चौकशी करते, कोण गेलं?

"आई," ती सांगते.

कधी, ते कोणी विचारत नाही.