सिनेमा कुठे थांबवायचा, ते रेन्स्के ठरवते

ओस्टरझैल गावच्या कालव्यावरचा पूल वर उचलला की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात, सायकलवाले एक पाय जमिनीवर टेकवतात आणि सगळे माना वर करून केबिनकडे बघतात. त्या केबिनमध्ये गेली चौतीस वर्षं रेन्स्के वीरसेमा बसते. तिच्या आधी तिचा बाप बसायचा, म्हणजे लोकांना थांबवणं हा घरचाच धंदा. "थांबायला लागलं म्हणून लोक चिडत नाहीत," असं ती म्हणते, "का थांबलोय ते दिसलं नाही की चिडतात." म्हणून बोट लांब असताना ती कधी फाटक पाडत नाही. झाडांमागून डोलकाठीचा शेंडा सगळ्यांना दिसायला लागला, की मगच बटण दाबते.

पण गावात रेन्स्केचा मान आहे तो पुलामुळे नाही. तो आहे जुन्या सिनेमांमुळे, आणि हे ग्रोनिंगन शहरातून येणाऱ्या शहाण्यांना पटकन समजत नाही.

जुन्या दूध डेअरीत आमचं चित्रपटगृह आहे. सगळं गावातले लोकच चालवतात, तेही पगाराविना. सत्तर लाकडी खुर्च्या आहेत, बंद पडलेल्या शाळेतून आणलेल्या, आणि कुणी नुसता श्वास जोरात घेतला तरी त्या करकरतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी अडीचला इथे जुना सिनेमा लागतो. बहुतेक कृष्णधवल असतो, कधी मूकपटही. आणि मध्ये मध्यंतर होतं, कॉफी आणि माणशी एक बिस्किट मिळतं, मग डब्याचं झाकण बंद.

सव्वीस वर्षांपूर्वी हे मध्यंतर घड्याळ बघून व्हायचं. सिनेमा शंभर मिनिटांचा असला की पन्नासाव्या मिनिटाला दिवे लागायचे, पडद्यावर काहीही चाललेलं असो. एका रविवारी नायिकेने थरथरत्या हातांनी पत्र फोडलं, आणि दिवे लागले! लोक कॉफी प्यायले, गुरांच्या बाजाराबद्दल बोलले, परत येऊन बसले, आणि ती बाई पत्र वाचून कोसळली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. रेन्स्केच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती तडक मशीनच्या खोलीत शिरली.

"अरे, बोट अर्धी पुलाखाली असताना कुणी पूल खाली टाकतं का?"

मशीनवाला म्हातारा होता, त्याला वाद नको होता. "मग तूच सांगत जा कुठे थांबवायचं," तो म्हणाला.

त्याने सुटका करून घेण्यासाठी म्हटलं, आणि हिने ते मनावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक सिनेमा ती आधी दोनदा बघते. शुक्रवारी साध्या प्रेक्षकासारखा, आणि शनिवारी वही घेऊन. तिचा नियम एकच आहे. जिथे काही घडतंय तिथे थांबायचं नाही, घडून गेल्यावरही नाही. कुणीतरी काहीतरी मनाशी ठरवलंय, पण अजून केलेलं नाही, तिथे थांबायचं. मग लोक कॉफी पितानाही त्या माणसाला सोडत नाहीत.

शिवाय ती कागद लिहायला लागली. घडी घातलेला एक कागद खुर्चीवर ठेवलेला असतो. पुढची बाजू सिनेमाआधी वाचायची, आतली बाजू मध्यंतरातच उघडायची. तिचं लिखाण विद्वानांसारखं नसतं. दिग्दर्शक कुठे जन्मला, कुठलं बक्षीस मिळालं, असल्या गोष्टी तिथे सापडायच्या नाहीत. आत लिहिलेलं असतं, 'या घरात आतापर्यंत कुणीही बसून जेवलेलं नाही. आता बघा, पहिल्यांदा कोण बसतं.' किंवा, 'खलनायकाचे हात बघितलेत का? नखं स्वच्छ आहेत. मला तो खोटं बोलतोय असं वाटत नाही. तुम्हाला?' आणि मग कॉफीवर जी जुंपायची! एकदा एका शेतकऱ्याने आतली बाजू आधीच उघडून वाचली, तर पुढचे सहा महिने त्याला कुणी धड नमस्कार केला नाही. म्हातारा एप्पो, गावचा जुना खाटीक, त्याच्याकडे दोनशेच्या वर कागद जपून ठेवलेले आहेत, ज्या खणात पूर्वी सुऱ्या असायच्या त्याच खणात.

गेल्या सप्टेंबरात योरित कामिंगा आला. वय चौतीस, ॲमस्टरडॅमला सिनेमाचंच शिक्षण घेतलेला, बायकोच्या नोकरीपायी इकडे आलेला. आमच्या समितीने त्याला लगेच प्रमुख केलं. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. छतापासून खुर्च्यांपर्यंत सगळ्याच्या डागडुजीला हात लावला त्याने, आणि जुन्या सिनेमांवर त्याचा जीव आहे. म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

फेब्रुवारीच्या बैठकीत (आमच्याकडे भिंतीला रंग द्यायचा तरी तीन बैठका होतात) तो म्हणाला, "मला वाटतं, मध्यंतर बंद करावं. ज्याने सिनेमा काढला त्याने त्यात कॉफीसाठी भोक ठेवलं नव्हतं."

रेन्स्केला हे वाक्य झोंबलं, कारण ते अर्धं खरं होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "भोक कुठेही पाडत नाही आपण. जागा बघून थांबतो."

"वीरसेमाबाई, तुम्ही किती मन लावून करता ते मला माहीत आहे," योरित म्हणाला. "पण खरं सांगू? लोकांना कॉफी हवी असते. कुठे थांबतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. उद्या बरोबर अर्ध्यावर थांबवलं तरी कुणाला फरक कळणार नाही."

एप्पो समितीत नव्हता, नाहीतर तिथेच भांडला असता. यांतिना, जी कॉफीही करते आणि बैठकीचं टिपणही लिहिते, ती मान खाली घालून लिहीतच राहिली. मार्चचा सिनेमा प्रयोग म्हणून मध्यंतराविना दाखवायचा, असं ठरलं.

"मग कागदही नाही," रेन्स्के उठत म्हणाली. "आतली बाजू नसेल तर पुढचीही नाही."

"कागद लिहा ना तुम्ही, कागदाला कुणी नाही म्हटलंय?" योरित खरोखरच गोंधळला होता.

"नाही म्हणजे नाही."

सायकलवरून घरी जाताना तिला रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. मध्यंतर गेलं तर जाऊ दे, ती उपाशी मरणार नव्हती. पण पोरगा खरं बोलला असेल तर? सव्वीस वर्षं शनिवारची दुपार वही घेऊन घालवली, एकेका मिनिटासाठी स्वतःशी भांडली, आणि समोरची सत्तर माणसं फक्त बिस्किटाची वाट बघत बसलेली असली तर? एप्पो कागद जपतो, पण एप्पो जुन्या दोऱ्याही जपतो.

मार्चचा सिनेमा डेन्मार्कचा होता, एका बेटावरच्या शिक्षिकेची गोष्ट. बघायचा नाही असं तिने ठरवलं होतं. शुक्रवारी बघितला. शनिवारी पुन्हा बघितला, वही घेऊन, आणि स्वतःवरच चरफडत एक आकडा लिहिला. एकसष्ट. वही कोटाच्या खिशात घातली आणि कुणाला काही बोलली नाही.

रविवारी डेअरी भरली होती. खुर्च्यांवर कागद नव्हते. लोक बसायच्या आधी खुर्चीकडे बघायचे, मग शेजारच्या खुर्चीकडे, मग रेन्स्केकडे. ती नेहमीप्रमाणे सातव्या रांगेत कडेला बसली होती आणि पडद्याकडेच बघत होती, अजून पडद्यावर काही नव्हतं तरी.

योरितने उभं राहून सांगितलं, "आज सिनेमा सलग आहे, मध्यंतर नाही. बाथरूमला जायचं असेल त्यांनी आत्ताच जाऊन या." चार म्हातारे मुकाट्याने गेले आणि आले. योरित सगळ्यात मागे, मशीनच्या टेबलापाशी जाऊन बसला.

सिनेमा एकशे चार मिनिटांचा होता, म्हणजे अर्धा होत होता बावन्नाव्या मिनिटाला. तेव्हा पडद्यावर जत्रा चालली होती, अकॉर्डियन वाजत होतं, शिक्षिका एका कोळ्याबरोबर नाचत होती. कुणी हललं नाही. रेन्स्केने हळूच मागे वळून पाहिलं. योरितने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. दुष्टपणाने नव्हे, 'सांगितलं नव्हतं का?' एवढंच.

ती परत वळली. आता पुढची नऊ मिनिटं तिला सिनेमा बघवेना. शिक्षिकेला गावाने बोल लावले, शाळेच्या दारावर कुणीतरी चिखल फेकला, हे सगळं तिने दोनदा पाहिलेलं होतं. ती फक्त ऐकत होती. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. बिस्किटाची वेळ होऊन गेली होती ना.

मग शिक्षिका खोलीत आली. ट्रंक भरली. झाकण लावलं. डोक्यावर टोपी घातली, टाचणी खोचली, आणि दाराकडे जायच्या ऐवजी त्या ट्रंकेवरच बसली. हात मांडीवर. दाराकडे बघत.

रेन्स्केने डोळे मिटले.

करकर.

एकच खुर्ची. पहिल्या रांगेतली, म्हणजे एप्पोची. मग तिसऱ्या रांगेत दोन. मग डावीकडे, मग मागे, मग सगळीकडे. तिने डोळे उघडले. कुणी उभं राहिलं नव्हतं. पण कुणी पायावरचा पाय काढला होता, कुणी चष्मा उतरवून नाकाचं हाड चोळत होतं, कुणी इतक्या वेळचा रोखलेला श्वास सोडला होता. तिच्या पुढच्याच रांगेतली पोस्टातली बाई मांडीवर हाताने काहीतरी चाचपत होती. कागद शोधत होती ती, न ठेवलेला कागद! आणि मग त्या अंधारात एकामागून एक डोकी मागे वळली आणि रेन्स्केकडे बघायला लागली. पुलावर बघतात तशीच.

तिने काहीच केलं नाही. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि सगळं अंग तापल्यासारखं तिला झालं. कळतं यांना. सगळ्यांना कळतं. कुणी न सांगता, कुणी न थांबवता, सत्तर माणसं एकाच जागी थांबली होती.

दिवे लागले. शिक्षिका पडद्यावर ट्रंकेवर बसलेली, तशीच राहिली.

"झालं बाई एकदाचं," एप्पो मोठ्याने म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आता मला सांगा, ती जाते की राहते? मी म्हणतो राहते."

"टोपी घातलीय तिने, डोळे आहेत का तुला?" पोस्टातली बाई म्हणाली.

"टोपी घातलीय म्हणूनच राहते! जाणारी बाई आधी दार उघडते, टोपी मागाहून!"

आणि जुंपली. तोवर कॉफीच्या खिडकीचं शटर खडखडत वर गेलं. आत तीन मोठे थर्मास वाफाळत होते आणि सत्तर कप मांडून तयार होते. समितीतल्या एकाने हबकून विचारलं, "यांतिना, अगं, मध्यंतर नाही असं ठरलं होतं ना?"

"हो का?" यांतिना कपात कॉफी ओतत म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही." बैठकीचं टिपण तिनेच लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात, आणि सगळ्यांना पाठवलंही होतं.

योरित गर्दीतून वाट काढत सातव्या रांगेपाशी आला. कान लाल झाले होते. तो काहीतरी लांबलचक बोलणार असं दिसत होतं, पण त्याने एवढंच विचारलं, "कितीवर लिहिलं होतंत?"

रेन्स्केने खिशातली वही काढून त्याच्यासमोर धरली. त्याने आकडा वाचला, मागे टेबलाकडे पाहिलं, परत आकडा वाचला.

"मी एकसष्ट मिनिटं बत्तीस सेकंदांवर बटण दाबलं," तो म्हणाला. "लोक हलले तेव्हा मला वाटलं, उठून चाललेत. मग कळलं की तुमच्याकडे बघतायत. मी चुकलो, बाई. लोकांच्या बाबतीत चुकलो."

हे ऐकायला रेन्स्के महिनाभर थांबली असती, वर्षभरही थांबली असती. पण आता ते ऐकल्यावर तिला जाणवलं की आपल्याला ते खुर्च्यांनी आधीच सांगून टाकलं आहे. तिने वही मिटली.

"बत्तीस सेकंद उशीर," ती म्हणाली. "पूल असता तर बोटीची डोलकाठी मोडली असती."

"मग पुढच्या वेळी?"

"शनिवारी दुपारी केबिनवर ये. येताना वही आण, स्वतःची." ती उठली आणि कोट सारखा केला. "आणि आता बाजूला हो, बिस्किटं संपतील."